उन्हाळ्यात मागे पडणारी शाळेची घंटा : क्रिस्टलचं काही कळेना

वऱ्हाडी_मास्तर (धागाकर्ता), १४ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. अकोल्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमचे शिपाईमामा निवृत्त झाले तेव्हा घंटेसाठी एक टायमर मीच करून बसवला. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), डीएस१३०७ चं आरटीसी मॉड्यूल (वेळ सांभाळणारी घड्याळाची चिप), एक रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि जुनी विजेची घंटा. परिपाठ, तासिका, मधली सुट्टी, सगळ्यांच्या वेळा त्यात भरल्या आहेत. काम चोख करतो, पण वेळ पाळत नाही.

यंदा जानेवारीपासून दर रविवारी सकाळी मी ते घड्याळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहतो, वहीत फरक लिहितो आणि वेळ पुन्हा लावतो. आठवड्याला किती सेकंद मागे पडलं ते देतो. जानेवारीत ३. फेब्रुवारी अखेर ४. मार्च अखेर ६ ते ७. एप्रिलमध्ये ९ ते १०. मे महिन्यात सलग तीन आठवडे १२.

गेल्या वर्षी कॉइन सेल बदलला, मॉड्यूलही बदललं. नव्यानेही तसंच केलं. मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडतं, कारण दांडा तापून लांबतो, हे आपण वर्गात शिकवतो. पण ते थंडीत पुढे जातं. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा १०-१२ वर असतो, तरी हे घड्याळ तेव्हाही मागेच पडलं. एकदाही पुढे गेलं नाही. हे कसं?

कोडकरी, १४ जून, रात्री ९:४२

मास्तर, प्रोग्राममध्ये डिले वापरला आहे का? लूपमध्ये वेळ मोजत असाल तर थोडी थोडी गळती होत राहते. कोड टाका इथे.

वऱ्हाडी_मास्तर, १४ जून, रात्री १०:०५

नाही, वेळ आर्डुइनो मोजतच नाही. तो फक्त आरटीसीला दर सेकंदाला वेळ विचारतो आणि रिले ओढतो. परवा आर्डुइनोची वीज काढून मॉड्यूल दोन दिवस नुसतं सेलवर ठेवलं, तरी मागे पडायचं ते पडलंच.

भोसरीचा_पीसीबीवाला, १४ जून, रात्री ११:२०

मास्तर, तुमची वही पाहून फार आनंद झाला. मी वीजमीटरच्या डिझाइनमध्ये अकरा वर्षं काढली. दिवसाच्या वेळेनुसार युनिटचा दर बदलणारे जे टीओडी मीटर असतात, त्यांचं सगळं बिल आतल्या घड्याळावर अवलंबून असतं. त्यामुळे तुम्हाला पडलेला प्रश्न मी रोज पाहिलेला आहे. तुमच्या आकड्यांत चूक नाही, प्रोग्राममध्येही नाही. तुम्ही क्वार्ट्झचा स्वभाव मोजला आहे.

मॉड्यूलवर तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चंदेरी नळी दिसते ना, तोच क्रिस्टल. तिच्यात हवा काढून टाकलेली असते आणि आत क्वार्ट्झचा एक इवलासा नादकाटा असतो. प्रयोगशाळेतल्या नादकाट्यासारखेच दोन पाय. क्वार्ट्झवर विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो, आणि तो वाकला की त्यावर वीज उमटते. ही दुसरी गोष्ट, म्हणजे दाबाने वीज, पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवली. चिपमधला अ‍ॅम्प्लिफायर त्या नादकाट्याला त्याच्याच तालावर ढकलत राहतो, जसा झोक्याला नेमक्या क्षणी हात लावावा. ताल आहे सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो.

आता तुमचा मुद्दा. या नादकाट्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही. आलेख काढला तर उलटा अन्वस्त मिळतो, टेकडीसारखा. माथा साधारण २५ अंशांवर. त्या माथ्यापासून तुम्ही गरम बाजूला उतरा की थंड बाजूला, काटा मंदच होतो. म्हणून तुमचं घड्याळ जानेवारीतही मागे आणि मेमध्येही मागे.

किती मंद होतो, त्याचं सूत्र सोपं आहे. २५ अंशांपासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करायचा आणि ०.०३४ ने गुणायचं. उत्तर पीपीएममध्ये येतं, म्हणजे दहा लाखांत किती. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६ सेकंद. ४५ अंशांना साडेतेरा पीपीएम, दिवसाला १.२ सेकंद. ५५ ला तीस पीपीएम, २.६ सेकंद. ६५ ला चोपन्न, म्हणजे पावणेपाच सेकंद. आणि तुमच्या पहाटेच्या १० अंशांना साडेसात पीपीएम, दिवसाला सुमारे ०.६५ सेकंद.

मेमधले आठवड्याला १२ सेकंद म्हणजे २० पीपीएम. सावलीत राहून हे होत नाही. मास्तर, पेटी कुठे टांगली आहे?

वऱ्हाडी_मास्तर, १५ जून, सायंकाळी ६:३०

पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेरून. पत्र्याची पेटी, वर गडद हिरवा रंग. घंटा तिथेच होती म्हणून तिथे लावली.

आज प्रयोगशाळेतला थर्मामीटर आत ठेवला. सकाळी ६ वाजता २९. दुपारी चारला ५१, आणि आज तर आभाळ होतं. मेमध्ये साठी नक्की ओलांडत असणार.

एक शंका. आमच्याकडे मेमध्ये दिवसरात्रीचं सरासरी तापमान ३६-३७ धरलं आणि पेटीत चार-पाच अंश जास्त मोजले, तर सूत्राने ८-९ पीपीएमच येतात. २० कुठून आले?

भोसरीचा_पीसीबीवाला, १५ जून, रात्री ८:१५

फार महत्त्वाची जागा पकडलीत. इथे सरासरी तापमान घेऊन चालत नाही, कारण फरकाचा वर्ग होतो. दर तासाची चूक वेगळी काढायची आणि मग बेरीज करायची. समजा दिवसाचे १० तास पेटी ५८ अंशांवर आहे. ३३ चा वर्ग १०८९, गुणिले ०.०३४, म्हणजे ३७ पीपीएम. उरलेले १४ तास ३४ अंश, त्याचे पावणेतीन पीपीएम. चोवीस तासांवर वाटलं की १७ पीपीएम येतात. वरचे दोन-तीन त्या क्रिस्टलच्या मुळातल्या चुकीचे. कारखान्यातून येतानाच २५ अंशांवर अधिक-उणे २० पीपीएमपर्यंतची सूट त्याला दिलेली असते, तुमचा तर चांगलाच निघाला.

दहाच तासांचं कडक ऊन रात्रभराच्या गारव्यावर भारी पडतं ते असं. पेटी नुसती वर्गाच्या आत आणलीत तरी अर्ध्याहून जास्त चूक जाईल.

साताऱ्याचा_घड्याळजी, १५ जून, रात्री ९:५०

मास्तर, मी दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करतो. वडिलांचंच दुकान. वरचं सूत्र मला ठाऊक नव्हतं, पण अनुभव हाच आहे. मनगटावर रोज असलेलं क्वार्ट्झ घड्याळ वर्षभर नीट चालतं. तेच गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दिलेलं घेऊन गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं सेल बदला, मागे पडतंय. अंगाच्या उबेने घड्याळ उन्हाळा-हिवाळा एकाच तापमानाजवळ राहतं, तो खरा आधार आहे.

जुन्या क्वार्ट्झ मशिनात एक बारीक स्क्रू असायचा, ट्रिमर कपॅसिटर. तो फिरवून वेळ लावता यायची. आता तो नसतो. नव्या मशिनात क्रिस्टल मुद्दाम थोडा जलद ठेवतात आणि चिप ठराविक वेळाने काही ठोके गाळते. किती गाळायचे ते कारखान्यात भरून देतात. त्यामुळे आम्हाला हातात काही राहिलं नाही. क्रिस्टल मेला तर जुन्या मशिनातली नळी काढून लावतो, दोन बाय सहा किंवा तीन बाय आठ मिलिमीटरची. घड्याळ फरशीवर पडलं, सेल नवा आहे, कॉइल ठीक आहे आणि तरी काटा हलत नाही, तर नव्वद टक्के आतला नादकाटा तुटलेला असतो.

पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइकोने टोकियोत २५ डिसेंबर १९६९ ला विकायला काढलं. ॲस्ट्रॉन. किंमत साडेचार लाख येन, त्या काळी तेवढ्यात मोटार यायची. महिन्याला पाच सेकंदांची चूक. त्याचा क्रिस्टल ८,१९२ चा होता. आज मोरबीहून येणाऱ्या साध्या भिंतीवरच्या घड्याळात ३२,७६८ चा असतो.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष, १६ जून, दुपारी १:१५

सर, मी अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) डिप्लोमाला आहे. धाग्याला जोडूनच विचारते, चालेल ना? आमच्या ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या प्रोजेक्टला माझ्याकडे १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, तो लावला. एलईडी नीट लुकलुकतात, पण सीरियलवर सगळा कचरा येतो. सर म्हणाले, ११.०५९२ लाव. लावला, चाललं. पण असा विचित्र आकडा का, हे कुणी सांगितलं नाही.

सीक्यू_चाळीस_मीटर, १६ जून, रात्री ८:०५

ताई, भागाकार करून पाहा, आकडा लगेच आपलासा होतो. चिप क्रिस्टलच्या तालाला आधी १२ ने आणि सीरियलसाठी पुढे ३२ ने भागते. १,१०,५९,२०० भागिले १२, म्हणजे ९,२१,६००. भागिले ३२, म्हणजे २८,८००. टायमरला ३ मोजायला सांगितलं की सीरियलचा सेकंदाला ९,६०० बिटांचा वेग नेमका. बाकी शून्य. १२ मेगाहर्ट्झने हेच केलं तर ३१,२५० ला ३ ने भागून १०,४१६ येतात. साडेआठ टक्के जास्त. एका अक्षरामागे स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट जातात, शेवटच्या बिटापर्यंत साडेआठ टक्क्यांचे पंचाऐंशी टक्के होतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण बिट सरकला. समोरचा चुकीच्या जागी वाचतो.

क्रिस्टलचे बहुतेक विचित्र आकडे असेच भागाकारातून आलेत. जुना रंगीत टीव्ही भंगारात दिसला तर त्यातला ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल शोधा. आपल्याकडे १९८२ ला रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं, आणि तिची रंगवाहक वारंवारिता हीच. अमेरिकेत ३.५७९५४५. तिथले हौशी रेडिओवाले तोच टीव्हीचा स्वस्त क्रिस्टल ऐंशी मीटर पट्ट्यात ट्रान्समीटरला वापरतात.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष, १६ जून, रात्री ८:३०

खूप खूप आभार सर!! आत्ता वहीत करून पाहिलं, बाकी खरंच शून्य. अजून एक. २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर सगळेच लावतात, ते का? आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब (मोजायची तार) लावला की माझं सर्किट बंद पडतं.

सीक्यू_चाळीस_मीटर, १६ जून, रात्री ९:२५

क्रिस्टलवर जो आकडा छापलेला असतो तो एका ठराविक धारितेच्या भारासकट खरा असतो. दोन कपॅसिटर क्रिस्टलच्या दृष्टीने एकामागोमाग, म्हणून २२ आणि २२ चे ११ होतात. त्यात पीसीबीच्या पट्ट्या आणि चिपच्या पायांचे चार-पाच मिळवा, १५-१६. तुमच्या क्रिस्टलचा भार १८ किंवा २० असेल तर २७ किंवा ३० लावणं जास्त बरोबर. भार कमी दिला तर क्रिस्टल किंचित जलद, जास्त दिला तर किंचित मंद. ब्रेडबोर्डवर लांब तारा वापरू नका, क्रिस्टल चिपच्या पायांना चिकटून ठेवा.

प्रोबचं कोडंही त्यातच आहे. एक-पट स्थितीत प्रोब जवळजवळ शंभर पिकोफॅरड लादतो. एवढ्या ओझ्याखाली दोलन थांबतं. दहा-पट स्थितीत दहा-पंधरा येतात, तेव्हा चालतं पण वारंवारिता सरकते. म्हणजे मोजायला गेलं की मोजमापच बदलतं. चिपच्या ऑसिलेटरच्या आउटपुट पायावर प्रोब लावा, इनपुट पायावर कधीच नको. त्याहून उत्तम म्हणजे एखाद्या टायमरमधून भागून दुसऱ्या पिनवर काढा आणि ती मोजा.

मास्तरांसाठी : डीएस१३०७ च्या आत भाराचे कपॅसिटर आधीच आहेत, त्याला १२.५ पिकोफॅरडचाच क्रिस्टल लागतो. बाहेरून काही जोडू नका. बाजारात ६ चाही मिळतो, दिसायला हुबेहूब. तो चुकून लावला तर दिवसाला पाच-दहा सेकंद मागे.

कोडकरी, १६ जून, रात्री १०:१०

पण मेगाहर्ट्झवाले क्रिस्टल उन्हात एवढे मंद होत नाहीत का?

सीक्यू_चाळीस_मीटर, १७ जून, सकाळी ७:००

नाही, कारण ते नादकाटे नाहीत. ती पातळ चकती असते आणि तिचे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकल्यासारखे थरथरतात. क्वार्ट्झ सगळ्या दिशांनी सारखा नाही. कुठल्या कोनात कापला त्यावर त्याचा तापमानाचा स्वभाव ठरतो. १९२१ च्या सुमारास वॉल्टर केडीने पहिला क्वार्ट्झ ऑसिलेटर (स्थिर कंपनं देणारं सर्किट) केला, १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मॅरिसन आणि हॉर्टन यांनी पहिलं क्वार्ट्झ घड्याळ केलं. तेव्हाचे काप तापमानाला फार हळवे होते, त्यांना उबदार पेटीत सांभाळावं लागे. १९३४ मध्ये एटी काप सापडला, अक्षाशी ३५ अंश १५ मिनिटांच्या आसपास. त्याचा आलेख आडव्या झोपलेल्या एस अक्षरासारखा, मधला भाग जवळजवळ सपाट. कोनात काही मिनिटांचा फरक पडला तरी आलेख बदलतो. दगडावर इतक्या बारकाईने करवत चालवणारे ते हात मला कायम थोर वाटत आले आहेत.

मी स्वतः हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स रेडिओच्या आराखड्यावरून पहिला सेट बांधला, त्यात फिल्टरसाठी १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल जुळवून घ्यावे लागतात. पंचवीस-तीस विकत घेतले, एकाच ऑसिलेटरमध्ये आळीपाळीने लावून प्रत्येकाची वारंवारिता लिहिली. सगळ्यांवर छापलेलं १०.०००, प्रत्यक्षात शेकडो हर्ट्झचे फरक. एकमेकांच्या सगळ्यात जवळचे निवडून बाजूला काढले. त्या रात्रीपासून क्रिस्टल ही मला वस्तू वाटत नाही, माणसासारखं प्रत्येकाचं वेगळं वाटतं.

सिन्नरकर_ताई, १७ जून, दुपारी ३:४०

सगळं सर्किट मला कळत नाही, पण क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटीच ना? लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो आणि आतून पिवळसर उजेड पडायचा. आमच्या सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, दख्खनच्या खडकातले असे स्फटिक आहेत की पाहत राहावं. घड्याळात आपले दगड वापरतात का?

भोसरीचा_पीसीबीवाला, १७ जून, रात्री ९:००

हो ताई, तीच गारगोटी, वाळूतलं सिलिका. घासल्यावरचा उजेड हा मात्र वेगळा प्रकार, दाबाने येणाऱ्या विजेचं सूत्र तिथे थेट लावता येत नाही. आणि गॅसच्या लायटरमध्ये खट् करून ठिणगी पाडणारा तुकडा क्वार्ट्झ नसतो, सिरॅमिक असतो, पण तत्त्व क्युरी बंधूंचंच.

आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतले स्फटिक देखणे, पण ऑसिलेटरला नुसतं देखणं पुरत नाही. निसर्गात एकाच स्फटिकात डावखुरी आणि उजवी रचना मिसळलेली असते, जुळी. तसा तुकडा नीट थरथरत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या रेडिओसाठी लागणारा निर्दोष क्वार्ट्झ मुख्यतः ब्राझीलमधून यायचा. टंचाईचा धडा घेऊन पुढे तो पिकवायला सुरुवात झाली. पोलादाच्या जाड उभ्या भांड्यात तळाला क्वार्ट्झचे तुकडे, अल्कलीचं पाणी, साडेतीनशे अंशांच्या आसपास उष्णता, हजाराहून जास्त वातावरणांचा दाब. वरच्या जरा थंड भागात टांगलेल्या बियाण्याच्या पट्ट्यांवर थर चढत जातो. कित्येक आठवडे लागतात. आज घड्याळात असतो तो हा पिकवलेला क्वार्ट्झ.

रत्नांग्री, १८ जून, सकाळी ११:२०

आमच्याकडे उन्हाचा त्रास नाही, पण पहिला पाऊस पडला की माझ्या आरटीसीचं घड्याळ थांबतंच. दोन दिवस ऊन पडलं की आपोआप चालू. कुणी भूत म्हणेल.

भोसरीचा_पीसीबीवाला, १८ जून, दुपारी २:००

दमट हवा आणि फ्लक्स. ३२ किलोहर्ट्झचं सर्किट अतिशय कमी विजेवर चालतं, क्रिस्टलला एक मायक्रोवॉटच्या आसपासच शक्ती सोसते. पायांच्या मध्ये सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स राहिला आणि त्याने ओल धरली की त्यातून होणारी गळतीसुद्धा दोलन थांबवायला पुरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजू घासा, ड्रायरने कोरडं करा, मग वार्निशचा हात द्या. कोकणात जाणाऱ्या प्रत्येक बोर्डाला आम्ही हे करायचोच.

मास्तर, तुमच्यासाठी : डीएस३२३१ घ्या. त्याच्या पोटातच क्रिस्टल आणि तापमापक दोन्ही आहेत. दर ६४ सेकंदांनी तापमान पाहून तो भाराची धारिता कमीजास्त करतो. ० ते ४० अंशांत अधिक-उणे २ पीपीएम, त्याहून जास्त तापमानात साडेतीन. वर्षाला एक-दीड मिनिट. त्याचा एम अक्षराचा भाऊ, डीएस३२३१एम, क्वार्ट्झचा नाही, त्यात सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक असतो आणि चूक ५ पीपीएम, तीही तुम्हाला पुरेल. एक सांभाळा. स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करायचा रेझिस्टर दिलेला असतो. त्यात साधा सीआर२०३२ टाकणार असाल तर तो रेझिस्टर आधी उपटून काढा. साधा सेल चार्ज करणं धोक्याचं आहे, आणि तुमची पेटी मुलांच्या डोक्यावर आहे.

वऱ्हाडी_मास्तर, ७ सप्टेंबर, रात्री ८:४५

मंडळी, उशिरा लिहितोय, पण रिकाम्या हाताने नाही.

डीएस३२३१ आणलं. रेझिस्टर काढला. पण जुनं मॉड्यूल फेकलं नाही, दोन्ही त्याच पेटीत शेजारी ठेवली. पेटी मुद्दाम पश्चिमेच्या भिंतीवरच राहू दिली, फक्त घंटा आता नव्या घड्याळावर वाजते. वही नववीच्या मुलांकडे दिली. आता थर्मामीटर तीच दिवसातून चार वेळा वाचतात.

ऑगस्टमध्ये पेटीत २६ ते ३१ अंश. जुनं घड्याळ आठवड्याला १ सेकंद मागे, एकदा तर फरकच दिसला नाही. जानेवारीपेक्षाही कमी! नव्याचा सात आठवडे मिळून फरक एका सेकंदाच्या आत, आमच्या डोळ्यांना मोजता आला नाही. मुलांनी जानेवारी ते ऑगस्टचे आकडे आलेख कागदावर मांडले आणि टेकडी उमटली. ऑक्टोबरच्या उन्हात जुनं घड्याळ किती मागे पडेल याचा अंदाज त्यांनी आधीच लिहून ठेवलाय : आठवड्याला ४ सेकंद.

एका मुलीने विचारलं ते इथे ठेवतो, कारण मला उत्तर देता आलं नाही. माथा २५ वरच का? दगडाला २५ अंश कसे कळले?

भोसरीचा_पीसीबीवाला, ७ सप्टेंबर, रात्री १०:३०

तिला सांगा, दगडाला कळत नाही, कापणाऱ्याला कळतं. नादकाटा ज्या चकतीतून काढतात ती अक्षाशी काही अंश कलती कापतात. कल बदलला की टेकडीचा माथा डावी-उजवीकडे सरकतो. माणसाच्या खोलीचं आणि मनगटाचं तापमान पाहून तो २५ च्या आसपास आणलेला आहे. अकोल्याच्या पत्र्याच्या पेटीसाठी कापला असता तर माथा चाळिशीच्या पुढे ठेवला असता.

वऱ्हाडी_मास्तर, २ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०

ऑक्टोबरचे चार रविवार : ३, ४, ५, ४. नवं घड्याळ अजून सेकंदाच्या आत. त्या मुलीने आता पहाटेच्या थंडीचा अंदाज मांडायला घेतलाय. साताऱ्याच्या घड्याळजींना विनंती, दुकानात ट्रिमरवालं एखादं जुनं क्वार्ट्झ मशिन पडून असेल तर सांगा. टपालखर्च आम्ही देऊ.

साताऱ्याचा_घड्याळजी, २ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दोन आहेत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खर्च राहू द्या.